मुनेश्वराचा उतार आणि वाकलेले पुशरॉड

लग्नामुंजीत कुणी मला "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी "डिझेल इंजिनं दुरुस्त करतो" असं सांगितलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अरे वा! आमच्या गाडीला जरा आवाज येतो हो." डॉक्टरला पंगतीत जीभ काढून दाखवणारे भेटतात, मला तोंडाने इंजिन वाजवून दाखवणारे भेटतात. बसवनगुडीतल्या एका मुंजीत एका वकीलसाहेबांनी हातातला घास पानात परत ठेवला आणि "टक-टक-टुक-टक" असं करून दाखवलं. मी विचारलं, "टुक तिसऱ्याला येतो की चौथ्याला?" त्यांनी डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं आणि म्हणाले, "तिसऱ्याला." शेजारचे गृहस्थ आपलं पान ओढून जरा लांब सरकून बसले.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक त्याच पंगतीत होते. ते म्हणाले, "कविता भरपूर आल्यात. तुम्ही हे टक-टुक लिहून द्या." तेव्हा दोष द्यायचा तर त्यांना द्यावा.

मी काही लेखक नाही. मोजता येईल तेवढंच बोलावं अशी मला सवय आहे, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ थट्टा चालते. आमटीत मीठ कसं झालंय असं विचारलं तर मी आणखी एक भुरका घेऊन मगच उत्तर देतो. आमचं कुटुंब बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की पुण्याकडचे पाहुणे आमचं मराठी ऐकून हसतात. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही अण्णा म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का, आणि कबूल असलं की 'सरी' म्हणून मोकळे होतो. माझं गॅरेज कलासिपाळ्यात आहे. पन्नास सालानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघू लागल्या, त्यांची पेट्रोल इंजिनं काढून तिथे डिझेल बसवायचं काम जोरात चाललं, आणि त्या लाटेवर मी शेड बांधलं. लष्कराने टाकलेल्या गाडीत दुसरंच इंजिन बसवणं म्हणजे विधुराचं दुसरं लग्न लावण्यासारखं असतं. दोन्ही पक्षांना जुन्या सवयी असतात आणि भांडण मिटवायला आम्हाला बोलावतात.

पुढचं समजायला इंजिनाबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नये, लवकर संपतं.

इंजिनाच्या डोक्यात दारं असतात. एक दार हवा आत घेतं, दुसरं धूर बाहेर सोडतं. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. खाली पोटात एक दंड फिरत असतो, त्याला उंचवटे असतात. उंचवटा आला की तो टॅपेट नावाच्या बुटक्या खुंटीला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर डुलून दार उघडतो. पुशरॉड म्हणजे फूटभर लांबीची, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड अशी पोलादी काठी. दार उघडायला एवढी मंडळी लागतात. बंद करायचं काम मात्र एकटी स्प्रिंग करते. घरोघरी हेच असतं, दार उघडं टाकणारे चार आणि लावणारी एक.

या मंडळींमध्ये थोडी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. ही फट आम्ही थाऊमध्ये मोजतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या वस्तीत वीणा शिकवणारे एक शास्त्री होते. त्यांची लहानशी मोटार होती. एकदा ते गॅरेजमध्ये येऊन म्हणाले, "मेस्त्री, तिसऱ्याची श्रुती उतरली आहे." मला वाटलं वीणेबद्दल बोलतायत. ते मोटारीबद्दल बोलत होते. मोजून पाहिलं, तर बाकी टॅपेट बारा थाऊवर आणि तिसरा सतरावर. मी फट नीट केली. शास्त्रींनी इंजिन सुरू करून मान डोलावली आणि म्हणाले, "आता बसवता येईल." काय बसवता येईल ते मी विचारलं नाही.

असं गिऱ्हाईक मिळालं की दिवस चांगला जातो. पण ज्या कामाने मला खरोखर झोपेतून उठवून बसवलं ते नंजुंडय्या साहुकारांच्या गाडीचं.

साहुकारांची कनकपुऱ्याच्या बाजूला एका डोंगरावर दगडाची खाण होती. खाणीतून निघालेले दगड गाडीत भरून शहरातल्या मालधक्क्यावर आणायचे, असा धंदा. खाणीचा खड्डा खोल, वर यायची वाट मातीची आणि उभी. साधी लॉरी तिथे फक्त चाकं फिरवत धूळ उडवी. म्हणून साहुकारांनी लष्करी लिलावातली चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली आणि माझ्याकडून तिच्यात चार सिलिंडरचं विलायती डिझेल इंजिन बसवून घेतलं. ड्रायव्हर होता येल्लोजीअण्णा. आमच्यापैकीच, बेंगळुरचा जुना मराठा, पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, आणि गाडीला 'ती' म्हणण्याऐवजी 'बाई' म्हणणारा. "बाईला आज बरं नाही," असं म्हणत तो गॅरेजमध्ये शिरला की माझा फिटर कासीम विचारायचा, "कुठली बाई, अण्णा? घरची की दारची?"

पहिल्यांदा आली तेव्हा बाई तीन सिलिंडरवर लंगडत होती. वरचं झाकण उघडलं तर दोन पुशरॉड धनुष्यासारखे वाकलेले. हे तसं नवं नसतं. काजळीने एखादा व्हॉल्व्ह अडकतो, रॉकर दाबत राहतो, आणि मध्ये सापडलेली काठी वाकते. मी हेड काढलं, व्हॉल्व्ह साफ केले, नवे पुशरॉड टाकले. सर्जापूर रस्त्यावर तेव्हा बैलगाड्यांशिवाय फारसं काही नसे. दगड भरलेल्या गाडीची आम्ही तिथेच परीक्षा घ्यायचो. बाई मस्त चालली.

महिनाभराने पुन्हा आली. आता वाकलेले पुशरॉड तीन, आणि सिलिंडर वेगळे. व्हॉल्व्ह स्वच्छ होते. दारं कधी उघडायची ते ठरवणाऱ्या टायमिंगच्या खुणा पाहिल्या, जुळत होत्या. फटी मोजल्या, बरोबर होत्या. राहिल्या स्प्रिंगा. स्प्रिंग थकली की दार वेळेवर लागत नाही. ती तपासायचं यंत्र तेव्हा माझ्याकडे नव्हतं. समोरच्या किराणा दुकानातला मोठा काटा मागून आणला, एका पारड्यावर स्प्रिंग ठेवून ती ठरलेल्या उंचीपर्यंत दाबायची आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायची. दुकानदार शेट्टी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मेस्त्री, इतकं नेमकं मी तूरडाळसुद्धा तोलत नाही." स्प्रिंगा पुस्तकातल्या आकड्याच्या आत होत्या, पण खालच्या टोकाला. तरी मी मद्रासहून नवा संच मागवून बसवला आणि साहुकारांना सांगितलं, "आता होणार नाही."

असं कधी सांगू नये. तिसऱ्यांदा चार पुशरॉड वाकले.

या वेळी मी हेडबरोबर सगळंच उघडलं आणि पिस्टनच्या माथ्यावर मला चंद्रकोरी दिसल्या. नखाएवढ्या, चकचकीत. दार वेळेवर लागलं नाही आणि खालून वर आलेल्या पिस्टनने त्याला डोकं मारलं, त्याच्या त्या खुणा होत्या. नव्या स्प्रिंगा असताना दार मागे राहतं ते एकाच कारणाने. इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर जोरात फिरलं, आणि स्प्रिंगला परत यायला वेळच पुरला नाही.

मी हे साहुकारांना जसंच्या तसं सांगितलं आणि सांगताना पुढचा विचार केला नाही. ते शिकलेले, टापटिपीचे गृहस्थ होते, पांढरा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मर्यादेबाहेर फिरलं. म्हणजे फिरवलं. कुणी? इंजिन काय आपण होऊन फिरतं?"

"तसं नाही साहुकार. या इंजिनाला गव्हर्नर आहे. ड्रायव्हरने पाय तळाला लावला तरी मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांच्या वर ते डिझेलच देत नाही. माझं सील आहे त्यावर, तुटलेलं नाही."

"मग तुम्हीच सांगा, चोवीसशेच्या वर कसं गेलं?"

मी सीलवर पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.

"येल्लोजी," ते ड्रायव्हरकडे न बघता म्हणाले, "गाडी पळवतोस?"

"आईशप्पथ नाही साहुकार. तीसच्या वर काटा गेला नाही कधी."

"मग कशी मोडते?"

येल्लोजीअण्णाने माझ्याकडे पाहिलं, कासीमकडे पाहिलं, आणि म्हणाला, "उताराच्या माथ्यावर मुनेश्वर आहे. तिथं थांबून कापूर लावला त्या दिवशी कधी मोडली नाही. तीनदा मोडली, तीनही वेळा तिथं थांबलो नव्हतो. देव मागनं धरतो गाडीला. असा हिसका देतो की बस."

मुनेश्वर हा आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा देव. रस्त्याकडेला, झाडाखाली, मिशांवर ताव देऊन बसलेला असतो. त्याला लिंबू आणि कापूर दिल्याशिवाय अवघड वाटेवर कुणी गाडी घालत नाही.

साहुकारांनी चष्मा काढला. "इंजिन मोडणार हा आणि नाव देवाचं! मेस्त्री, गाडी दुरुस्त करा. आठवड्याभरात मला सांगा, चूक इंजिनाची की ड्रायव्हरची. ड्रायव्हरची असेल तर नवा माणूस तयार आहे. आणि याने इंजिनं मोडली म्हणून काढलं, हे मी सगळ्या खाणवाल्यांना सांगणार आहे."

ते गेल्यावर येल्लोजीअण्णा पायरीवर बसून राहिला. इंजिनं मोडणारा ड्रायव्हर असं एकदा नाव झालं की या शहरात कुणी हातगाडीसुद्धा देत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पन्नाशीनंतर तो दुसरं काय करणार होता? आणि मी बोललेलं एक वाक्य त्याच्या मानेवर ठेवलं गेलं होतं. वाक्य खरं होतं, हीच पंचाईत.

घरी जेवताना मी सगळी हकीकत सांगितली आणि मुनेश्वराच्या मुद्द्यावर हसलो. बायको वाढता वाढता म्हणाली, "हसायला काय झालं?"

"अगं, देव काय पुशरॉड वाकवतो?"

"वाकवत नाही असं मोजलंय का तुम्ही? एरवी तर मिठाचा दाणाही मोजता. तो माणूस तीनातलं तीन सांगतोय, ते तेवढं मोजायचं नाही होय?"

मी घास हातात धरून बसलो. म्हणत होती ते बरोबर होतं. स्प्रिंगा काट्यावर तोलणारा मी, आणि या माणसाने दिलेला एवढा स्वच्छ आकडा मी हसण्यावारी नेला होता. तीन वेळा थांबला नाही, तीन वेळा मोडली. थांबला तेव्हा एकदाही नाही. देव वाकवत असेल-नसेल, थांबण्यात काहीतरी होतं.

गाडी तयार झाल्यावर मी येल्लोजीअण्णाबरोबर खाणीवर गेलो. दगड भरले. त्या गाडीत दोन दांडे असतात. मोठा नेहमीचा गिअरचा, आणि शेजारी एक लहान. लहान दांडा खाली ढकलला की चारही चाकांना जोर मिळतो आणि गाडी मुंगीच्या पावलाने, पण दुप्पट ताकदीने चढते. वर ओढला की साध्या रस्त्याची चाल. हा दांडा गाडी उभी असतानाच हलतो. चालत्या गाडीत हलवायला गेलं तर नुसता करकरतो. अण्णाने दांडा खाली ढकलून गाडी खड्ड्यातून बाहेर काढली, चढ चढून माथ्यावर आला आणि थांबला. उतरला. मुनेश्वरापुढे कापूर लावला, पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवली. परत येऊन बसला, लहान दांडा वर ओढला, लिंबं चिरडून पुढे निघाला. उतार लागताच गिअर न्यूट्रलला टाकला आणि डाव्या हाताने इंजिन बंद करायची दोरी खेचली. इंजिन गप्प. गाडी नुसती घरंगळायला लागली.

"अण्णा, हे काय?"

"काय?"

"इंजिन का बंद केलं?"

"उतारावर डिझेल कशाला जाळायचं? साहुकारांचा हुकूम आहे. आणि हुकूम नसता तरी सगळे असंच उतरतात की."

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही विचारलं, पळवतोस काय. मी पळवत नाही. ती आपणहून उतरते."

खाली मोठा रस्ता जवळ आला तेव्हा त्याने क्लच दाबला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. चालत्या चाकांनी इंजिनाला फिरवलं, इंजिन पेटलं आणि गाडी पुढे निघाली. काही बिघडलं नाही. पण माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले होते.

"आणि माथ्यावर थांबत नाहीस त्या दिवशी? लहान दांडा कुठे वर करतोस?"

त्याने विचार केला. "खाली आल्यावर करायचा म्हणतो. गडबडीत राहून जातो."

"थांबत का नाहीस पण?"

"मालधक्का बंद व्हायची वेळ झाली असली की. साहुकारांनी बजावलंय, उशीर झाला तर कापूरबिपूर करत बसायचं नाही. एरवी मी ऐकत नाही. त्या तीन दिवशी ऐकलं."

मी त्याला बाजूला थांबायला लावलं आणि खडूने गाडीच्या फळीवर गणित मांडलं. ताशी तीस मैलांना, दांडा वर असताना, वरच्या गिअरात इंजिन एकोणीसशे फेरे फिरतं. ठीक. दांडा खाली राहिला तर त्याच तीस मैलांना सदतीसशेच्या आसपास. गव्हर्नर डिझेल थांबवू शकतो, चाकं थांबवू शकत नाही. घरंगळत आलेली दगडांनी भरलेली गाडी क्लच सुटताच इंजिनाला मानगुटीला धरून सदतीसशे फेरे पळवते. सुटलेला क्लच सावरेपर्यंत काय दोन-तीन क्षण जात असतील; पुशरॉडला तेवढे पुरतात. गाडीला मागून कुणीतरी धरल्यासारखा हिसका बसतो तोही त्याचाच.

येल्लोजीअण्णाने फळीवरचे आकडे बघून नमस्कार केला. मला की आकड्यांना, कळलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे हात माझाच."

ते खरं होतं. साहुकारांनी मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि सरळ उत्तर 'ड्रायव्हर' असंच होत होतं. फक्त ते पूर्ण उत्तर नव्हतं. मी रात्रभर ते कसं मांडायचं याचा विचार केला आणि शेवटी ठरवलं की मांडायचंच नाही, दाखवायचं.

ठरल्या दिवशी मी साहुकारांना खाणीवर घेऊन गेलो. आम्ही त्यांच्या आवारातून निघालो तेव्हा फाटकाजवळच्या बाकावर एक तरणा ड्रायव्हर पत्र्याची पेटी पायाशी ठेवून बसला होता. येल्लोजीअण्णाने त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी बाहेर काढली. परतीला दगड भरून आम्ही तिघे पुढे बसलो. अण्णा चाकावर, साहुकार खिडकीशी, आणि मधे मी, दोन्ही दांडे गुडघ्यांत. अण्णाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की साहुकार म्हणतील तसं करायचं, क्लच मात्र मला विचारल्याशिवाय सोडायचा नाही.

माथा आला. अण्णाने वेग कमी केला.

"थांबतोस कशाला?" साहुकार म्हणाले. "आधीच उशीर झालाय. चल."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिलो. गिअर न्यूट्रल, दोरी खेचली, इंजिन बंद. गाडी घरंगळायला लागली. वारा आत येऊ लागला, आणि साहुकार खुश झाले. "बघा मेस्त्री. याला म्हणतात शिस्त. थेंब जळत नाही."

"किती वेग झाला, अण्णा?"

"पंचवीस. आता तीस होईल."

"खाली काय करणार?"

"वरचा गिअर टाकणार, क्लच सोडणार."

मी लहान दांड्यावर हात ठेवला. "साहुकार, हा दांडा बघा. हा खाली आहे. तो उभ्या गाडीतच वर होतो, आणि आपण थांबलो नाही. त्यामुळे क्लच सुटला की इंजिन सदतीसशेला जाणार. माझ्याकडे या घडीला नवे पुशरॉड नाहीत. गिअर टाकू दे का त्याला? तुमची गाडी आहे, तुम्ही सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे चौथ्यांदा. तीस झाले ना, अण्णा?"

"झाले. टाकू का?"

"नको!" साहुकार ओरडले. "ब्रेक! ब्रेक लाव रे!"

इतका सुंदर ब्रेक येल्लोजीअण्णाने आयुष्यात लावला नसेल. गाडी थांबली, मागचे दगड एकमेकांवर आपटले, आणि साहुकारांचा चष्मा त्यांच्या मांडीवर पडला. खालच्या रस्त्यावर एक बैलगाडी चालली होती, तिच्या घुंगरांचा आवाज वरपर्यंत येत होता.

मग मी सांगितलं. उतारावर इंजिन बंद करायचा हुकूम एकटा असता तर पुशरॉड वाकले नसते, कारण अण्णा माथ्यावर थांबत होता आणि दांडा वर होत होता. न थांबायचा हुकूम एकटा असता तरी वाकले नसते, कारण इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि दांडा खाली असताना गाडीच जोरात पळाली नसती. दोन्ही हुकूम ज्या दिवशी एकत्र पाळले गेले त्या दिवशी इंजिन मोडलं. "हात त्याचा होता," मी म्हटलं, "हे मी लपवत नाही. पण ज्या दिवशी त्याने तुमचं पूर्ण ऐकलं, त्याच दिवशी मोडलं. जितकं कमी ऐकलं तितकं तुमचं इंजिन टिकलं."

साहुकारांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग येल्लोजीअण्णाला म्हणाले, "तो दांडा वर कर. आणि इंजिन सुरू कर."

उरलेला उतार आम्ही गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून उतरलो. साहुकार खिडकीबाहेर तोंड करून बसले होते आणि इंजिनाच्या प्रत्येक आवाजाला त्यांची भुवई हलत होती. गिअरात उतरताना इंजिन फारसं डिझेल पीत नाही, हे मी त्यांना नंतर दोन दिवस पिंप मोजून दाखवलं. पण त्या दिवशी त्यांना जळणारा थेंब न् थेंब ऐकू येत असावा. खाली आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून माथ्यावर थांबत जा. रोज. उशीर झाला तरी. कापूर दुकानातून घेऊन जा, माझ्या नावावर."

"सरी," अण्णा म्हणाला.

आवारात शिरलो तेव्हा बाकावरचा तरणा ड्रायव्हर उठून उभा राहिला. साहुकारांनी त्याला कॉफी पाजायला सांगितलं आणि दुसऱ्या एका खाणवाल्याचं नाव दिलं. मग मागे वळून म्हणाले, "येल्लोजी, पहाटे गाडी काढ. मालधक्क्यावर दोन खेपा आहेत." माफी मागणं त्यांच्या घराण्यात नसावं; पण खाणवाल्यांच्या कानावर जे जाणार होतं ते गेलं नाही, आणि मला तेवढं पुरे होतं. त्या गाडीने पुढे माझ्याकडे खूप काम आणलं, क्लचचं, ब्रेकचं, टायरांचं. पुशरॉडचं पुन्हा आणलं नाही.

येल्लोजीअण्णा मला फाटकापर्यंत सोडायला आला. तंबाखूची चिमूट मळत होता. मी म्हटलं, "अण्णा, आता कळलं ना? देवाचा काही संबंध नव्हता. सगळं त्या दांड्याचं होतं."

"कळलं की," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. दांडा वर केला नाही की मोडते. पण मला सांगा मेस्त्री, बावीस वर्षं गाडी चालवतोय. रोजच्या धांदलीत दांडा वर करायची आठवण मला कोण करून देतं?"

हे काही खडूने फळीवर मांडता येण्यासारखं नव्हतं. खिशात हात घालून मी चार आणे काढले आणि म्हटलं, "उद्या माझ्या नावानेही स्वल्प कापूर लाव."